हातच्याची वजाबाकी : सगळा वर्ग कामाला लावणारा पाठ

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, 2016 मध्ये दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. म्हणून पाठ काही 21 तऱ्हांनी आखावा लागत नाही. तिसरीच्या वर्गात 52 − 27 हे एकच गणित घ्या. कसोटी एवढीच, की त्यातला विचार प्रत्येक मुलाच्या वाट्याला आला पाहिजे. वह्या वाटणं, काड्या गोळा करणं हा सहभाग नव्हे. ती हमाली, आणि ती हटकून दिव्यांग मुलाकडेच जाते.

चार-चार मुलांचे गट करा. गटाला आइस्क्रीमच्या 52 काड्या द्या: दहा-दहाचे पाच गठ्ठे, दोन सुट्या. रबराला एकच वेढा, तोही सैल. घट्ट बांधलं की बोटांत जोर नसलेल्या मुलाचा गठ्ठा शेजारचा सोडून देतो, आणि दशक सुटा होण्याची नेमकी कळीची कृती त्याच्या हातून निसटते. काड्या काठ असलेल्या ताटात ठेवा, म्हणजे दृष्टी नसलेल्या मुलाने चाचपताना त्या इकडेतिकडे जात नाहीत. गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे. ही जागा कधीच बदलू नका.

गटात कामं चार: मांडणं, सांगणं, लिहिणं, तपासणं. दर गणिताला ती फिरवा. बोलता येत नसेल तर अंककार्ड दाखवून सांगणंही सांगणंच.

ऐकू कमी येणारं मूल काड्यांकडे आणि तुमच्या ओठांकडे एकाच वेळी पाहू शकत नाही. आधी बोला, थांबा, मग गठ्ठा सोडा. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. खिडकीला पाठ करून उभे राहिलात तर चेहरा अंधारात जातो.

शिकण्याचा वेग कमी असलेल्या मुलाला वेगळं, सोपं पान देऊन कोपऱ्यात बसवण्याचा मोह टाळा. गठ्ठा सुटल्यावर 12 सुट्यांतून 7 काढायच्या असतात. ती पायरी त्याची. त्याचं उत्तर आल्याशिवाय गट पुढे जाऊच शकत नाही. ते जमलं की पुढच्या खेपेला गठ्ठा सोडण्यापासून त्याला करू द्या. भरभर सोडवणाऱ्यांना 403 − 168 द्या, तिथे दशकच नसल्याने शतक फोडावं लागतं.

उत्तर विचारताना हात वर करायला लावू नका. तेच चौघे बोलतात. सगळ्यांनी पाटीवर लिहून ती पालथी ठेवायची, तुम्ही ‘वर’ म्हटलं आणि हातानेही खूण केली की एकदम दाखवायची. लिहिता न येणारं मूल अंककार्डं लावेल.

शेवटी प्रत्येकाला एकट्याने 61 − 38 द्या. 23 बरोबर. पाटीवर 37 दिसलं तर मुलाने 8 मधून 1 वजा केलाय. त्याला पुन्हा काड्या द्या. 33 आलं तर दशक सुटा केला, पण डावीकडचा गठ्ठा कमी करायचा राहिला. त्याला ताटातले उरलेले गठ्ठे मोजायला सांगा.