सह्याद्रीच्या चढ-उतारांवर ऑफ-रोड बग्गी चालवताना या चुका टाळा

ऑफ-रोड बग्गी पहिल्यांदा चालवणाऱ्याला ती फार सोपी वाटते. पायाने दाबायचा क्लच नाही, एकेक गिअर बदलण्याची दगदग नाही, हातभर खालीवर होणारे सस्पेन्शन खड्डे गिळून टाकते आणि डोक्यावर रोल केज, म्हणजे नळ्यांचा संरक्षक पिंजरा, असल्यामुळे धीर येतो. बहुतेक अपघातांचे आणि बिघाडांचे मूळ याच सोपेपणात आहे, कारण चालकाला जमीन जाणवेनाशी होते आणि चाक अडकले, चढ आला किंवा चिखल लागला तरी त्याच्या पायाला ॲक्सिलरेटर दाबणे हा एकच उपाय सुचतो. सह्याद्रीत हा उपाय फार वेळा अंगाशी येतो. इथे एकाच किलोमीटरमध्ये काळा कातळ, सुटा मुरूम, जांभ्याचा निसरडा चिखल आणि शेवाळलेल्या शिळा पायाखाली बदलत जातात आणि प्रत्येक ठिकाणी चाकाची पकड वेगळी असते. म्हणून पुढची वाट दिसत नसेल किंवा तिच्याबद्दल शंका असेल, तर खाली उतरून ती पायी पाहून येणे हाच या वाहनाच्या चालकाचा पहिला नियम असायला हवा.

वाट कोणाची आहे हे न विचारता निघणे

ही चूक वाहन सुरू होण्याआधीच घडते आणि तिची भरपाई करता येत नाही. भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार राखीव वनात परवानगीशिवाय शिरणे हा गुन्हा आहे आणि अभयारण्यांसाठी वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ चे नियम याहून कडक आहेत. कोयना, चांदोली, राधानगरी, भीमाशंकर या परिसरांत ‘वाट मोकळी दिसली म्हणून गेलो’ हे कारण चालत नाही. शिवाय बहुतेक बग्ग्यांची आरटीओकडे रस्त्यावरच्या वापरासाठी नोंदणी झालेली नसते, त्यामुळे मुक्कामापासून जंगलवाटेपर्यंत डांबरी रस्त्याने बग्गी चालवत नेणेही नियमात बसत नाही. ती ट्रॉलीवर चढवूनच न्यावी लागते.

सड्यांबद्दल, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांबद्दल, मात्र कायद्यापलीकडे जाऊन सांगावेसे वाटते. कासचे पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटासोबत जागतिक वारसा यादीत आले, पण अशा फुलांचे छोटे-मोठे सडे साताऱ्यापासून सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांवर ना कुंपण आहे ना पहारा. कातळावर मातीचा थर जेमतेम बोटभर असतो. पावसाळ्यात त्यावरून एक जड वाहन गेले, तर त्या चाकोरीतले कंद आणि बी दोन्ही चिरडले जाऊ शकतात. सपाट दिसतो म्हणून सडा बग्गीसाठी योग्य ठरत नाही. खासगी जमिनीवर आखलेला मार्ग, जमीनमालकाच्या परवानगीची शेतवाट किंवा गावकऱ्यांच्या संमतीची बैलगाडीची वाट एवढ्यावरच समाधान मानावे.

पट्टे, हात आणि अंगठे

रोल केज आहे म्हणून हार्नेसचे पट्टे सैल ठेवणे ही घातक चूक आहे. बग्गी कलंडायला लागली की माणूस नकळत हात बाहेर काढून जमिनीला टेकवू पाहतो आणि पाचशे ते सातशे किलोंचे वाहन त्या हातावर येते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांसाठी २००७ पासून भरणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ या स्पर्धेत महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांचे संघ स्वतः बग्गी बांधून उतरतात. तिथे चालकाचे हात केजबाहेर जाऊ नयेत म्हणून दंडांना वेगळे पट्टे बांधावे लागतात. भाड्याच्या बग्गीत ते नसतात, तेव्हा दाराची जाळी लावलेली आहे याची खात्री करावी आणि शेजाऱ्याला वरची दांडी बाहेरच्या बाजूने धरू देऊ नये. स्टिअरिंग धरताना अंगठे चक्राच्या आत गुंतवू नयेत, कारण पुढचे चाक दगडावर आदळले की चक्र झटक्याने फिरते आणि अंगठा मोडू शकतो.

चढावर जोर, उतारावर मोकळे चाक

चढाआधी बग्गी पूर्ण थांबवून लो गिअर (कमी वेगाचा, जास्त ताकदीचा) आणि फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना ताकद देणारी सोय) दोन्ही लावून घ्यावेत. बरेच चालक हाय गिअरमध्येच चढाला भिडतात, मध्यावर दम लागला की लो शोधतात आणि मागची चाके जोरात फिरत असतानाच फोर-व्हीलचे बटण दाबतात. त्या क्षणी पुढच्या डिफरेन्शियलला (दोन्ही चाकांत ताकद वाटणाऱ्या भागाला) आणि ॲक्सलना जो हिसका बसतो, त्यातून होणारे नुकसान लगेच दिसत नाही, पण पुढे कधीतरी अडचणीच्या जागी उघड होते. चढाचे टोक खालून दिसत नसेल तर एकाने आधी पायी वर जावे. पलीकडे लगेच घळ आहे, आडवे पडलेले झाड आहे की समोरून गुरे येत आहेत, हे ॲक्सिलरेटर दाबून कळत नाही.

गती किती ठेवावी हे जमिनीवरून ठरते. ओल्या मुरमाच्या चढावर मध्येच थांबले तर पुन्हा निघणे कठीण, म्हणून तिथे खालूनच मध्यम आणि एकसारखी गती हवी. कातळाच्या पायऱ्यांवर मात्र रांगत जावे, कारण तिथे वेगाने मारलेला धक्का चाकाला जोडलेले टाय रॉड किंवा ए-आर्म हे दांडे वाकवतो. वाटेतला धोंडा दोन चाकांच्या मधून काढण्याचा मोहही टाळावा. बग्गीच्या पोटाखालची उंची साधारण एक फूट असली, तरी सस्पेन्शन दबल्यावर ती बरीच कमी होते. टायरच धोंड्यावर चढवला की पोट आपोआप उंच राहते.

चढ अर्ध्यावर सुटला तर काय करायचे, हे चढायच्या आधीच ठरलेले असावे. चाके जागच्या जागी फिरू लागली की ॲक्सिलरेटर सोडावा, ब्रेक घट्ट दाबावा आणि वाहन पूर्ण थांबल्यावर रिव्हर्स टाकावा. मग ब्रेक हळूहळू सैल करत, चढलो त्याच चाकोरीतून सरळ मागे यावे. स्टिअरिंग जेमतेम हलवावे आणि मागून कोणीतरी हाताने दिशा दाखवावी, पण त्याने बग्गीच्या थेट मागे उभे राहू नये. चाके लॉक होऊन बग्गी घसरू लागली तर ब्रेक क्षणभर सोडला की चाके पुन्हा फिरतात आणि पकड मिळते. सगळ्यात वाईट निर्णय म्हणजे तिथेच वळवून तोंड खाली करण्याचा. चढावर आडवी झालेली बग्गी लोळते, आणि एकदा लोळली की उतार संपेपर्यंत थांबेलच असे नाही.

उतरतानाची अडचण बग्गीच्या रचनेतूनच येते. तिच्यात इंजिनाची ताकद सीव्हीटीच्या (दोन पुल्यांवर फिरणाऱ्या रबरी पट्ट्याने आपोआप वेग बदलणाऱ्या यंत्रणेच्या) पट्ट्यातून जाते आणि इंजिनाचे फेरे एका मर्यादेखाली गेले की तिच्यातल्या आपोआप चालणाऱ्या क्लचची पकड सुटते. जीप चालवलेल्या माणसाला वाटते की लो गिअर टाकून पाय काढला की इंजिन वाहनाला धरून ठेवील; बग्गीत नेमके त्याच वेळी चाके मोकळी होतात आणि ती उतारावर आपोआप वेग घेऊ लागते. घाबरून कचकन ब्रेक मारला की मागचा भाग फिरतो. ज्या बग्गीत इंजिन-ब्रेकिंगची सोय आहे तिच्यात ॲक्सिलरेटरला अगदी हलका स्पर्श करत राहिल्यास क्लच पुन्हा धरतो आणि वेग आवरला जातो. ही सोय नसेल तर उताराच्या पहिल्या फुटापासून ब्रेक थोडा थोडा वापरत यावे. आपली बग्गी यांपैकी कोणती, हे मोकळ्या मैदानातल्या एखाद्या सौम्य उतारावर आधीच तपासून पाहावे.

तिरक्या उतारावरून जाणे शक्यतो टाळावेच. नाइलाज असेल आणि वरच्या बाजूची चाके हलकी वाटू लागली, तर स्टिअरिंग खालच्या बाजूला वळवावे. मनाला हे उलटे वाटते, पण तोंड उताराकडे झाले की बग्गी सावरते. वरच्या बाजूला वळवली तर ती कलंडते.

जळक्या रबराच्या वासाकडे दुर्लक्ष

बग्गी जंगलात बंद पडण्याचे नेहमीचे कारण म्हणजे सीव्हीटीचा तुटलेला पट्टा, आणि पट्टा बहुधा आधी इशारा देऊन तुटतो. इंजिनाचा आवाज चढतो पण वेग वाढत नाही, सीटमागून जळक्या रबराचा वास येतो, किंवा निघताना प्रत्येक वेळी एक ठोका जाणवतो. हा ठोका कुठून येतो ते समजून घेण्यासारखे आहे. चाके चिखलात रुतलेली असताना ॲक्सिलरेटर दाबून धरला की पुली पट्ट्याच्या एकाच जागेवर घासत फिरते आणि तेवढ्या जागी पट्टा झिजून कंबरेसारखा बारीक होतो. पुढे तो बारीक भाग पुलीतून जाताना दर फेऱ्याला धक्का बसतो आणि शेवटी पट्टा तिथेच तुटतो.

वास आला की सावलीत थांबावे, न्यूट्रलमध्ये इंजिन मध्यम फेऱ्यांवर काही मिनिटे चालू ठेवावे. फिरणाऱ्या पुल्याच आतली गरम हवा बाहेर फेकतात. त्यानंतरचा प्रवास लो गिअरमध्येच करावा. हळू चाल, ओझे आणि चढ या तिन्ही वेळी लो गिअरच वापरला असता तर पट्ट्यावर ही वेळ बहुधा आलीच नसती.

पट्टा तुटलाच तर घाई करू नये. पट्ट्याभोवतीचे केसिंग निवल्यावर झाकण उघडावे आणि आत अडकलेला प्रत्येक धागा, प्रत्येक रबराचा तुकडा काढावा, विशेषतः पुलीच्या मागे आणि हवा बाहेर जाण्याच्या नळीत पाहावे. ही सफाई न करता घातलेला नवा पट्टाही लवकर जातो. पट्ट्यावर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने ठेवावा, पुलीचे गाल कोरड्या फडक्याने पुसावेत आणि त्यांना तेलाचा हात लागू देऊ नये. जादा पट्टा आणि तो बदलण्याची हत्यारे सोबत नसतील तर जंगलवाटेवर जाऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

ओढ्याचे पाणी

घाटमाथ्यावर अर्धा तास जोराचा पाऊस पडला, तरी खालच्या ओढ्याचे पाणी काही मिनिटांत वाढते, आणि आपल्या डोक्यावर तेव्हा कदाचित ऊन असते. पाणी गढूळ झाले, त्यातून काटक्या-पाला वाहू लागला, तर ओलांडण्याचा विचार सोडावा आणि काठावर वरच्या अंगाला थांबावे. एरवी ओढा आधी काठी घेऊन चालत पार करावा. जिथे माणसाला पाय रोवणे जड जाते तिथे बग्गी घालू नये, कारण तिचे रुंद, हलके टायर वाहत्या पाण्यात चटकन तरंगू लागतात. पाणी पायाखालच्या फळीच्या पातळीहून वर नसावे, ही अनेक उत्पादकांनी दिलेली मर्यादा आहे.

पाण्यात शिरताना तुषार उडवत जाण्याची हौस महागात पडते. उडालेले पाणी पट्ट्याच्या केसिंगमध्ये आणि हवेच्या फिल्टरमध्ये जाते. सावकाश शिरावे, एका चालीने जावे, मध्ये ॲक्सिलरेटरवरून पाय काढू नये. बाहेर आल्यावर ब्रेक दोन-चारदा हलके दाबून कोरडे करावेत; पट्टा घसरत असेल तर न्यूट्रलमध्ये इंजिन फिरवून आतले पाणी बाहेर काढावे, आणि केसिंगला निचऱ्याचा बूच असल्यास तो उघडावा.

इंजिन पाण्यातच बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी हवेसारखे दाबले जात नाही, त्यामुळे सिलिंडरमध्ये ते शिरलेले असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि काही हजारांचे काम लाखावर जाते. बग्गी ओढून बाहेर काढावी, एअर फिल्टर उघडून पाहावा, तो ओला असेल तर स्पार्क प्लग काढून मगच इंजिन फिरवावे. ऑइलचा रंग दुधी चहासारखा झाला असेल तर इंजिन सुरूच करू नये.

चिखल, गवत आणि विंच

लाल चिखल रेडिएटरच्या जाळीवर वाळला की पंखा कितीही फिरला तरी इंजिन तापते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये; निवल्यावर जाळी मागून पुढे, कमी दाबाच्या पाण्याने धुवावी, कारण जोराच्या फवाऱ्याने तिच्या पातळ पट्ट्या वाकतात. नोव्हेंबरनंतर धोका बदलतो. वाळलेले कुसळी गवत पोटाखालच्या पत्र्यावर साचते, सायलेन्सरला चिकटते आणि पेट घेते. यातून बग्गी तर जातेच, पण डोंगरावर वणवाही लागू शकतो. या दिवसांत वरचेवर थांबून खाली वाकून गवत काढावे आणि अग्निशामक हाताशी ठेवावा.

रुतलेली बग्गी काढताना विंचची (दोरी गुंडाळून वाहन ओढणाऱ्या यंत्राची) दोरी झाडाच्या खोडाला थेट गुंडाळू नये. तिने साल कापली जाते आणि झाड वाळते. रुंद पट्टा वापरावा. तार ताणलेली असताना तिच्यावर जाड रजई किंवा ओली गोणी टाकावी, बाकीच्यांनी तारेच्या लांबीहून दूर जावे आणि तार ओलांडू नये. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात होणाऱ्या ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’मध्ये सहचालकाचा बराचसा वेळ वाहनाबाहेर, चिखलात, दोरी आणि चाकांची जागा पाहण्यात जातो. कसलेले लोक हे करतात, तेव्हा नवख्याने सीटवर बसून चाके फिरवत राहण्याला काही अर्थ नाही.

परतल्यावर बग्गी धुताना चारही ॲक्सलच्या टोकांची रबरी बूट हाताने चाचपावीत. एखादे फाटले असेल आणि ग्रीस बाहेर आले असेल, तर वळताना येणारा ‘कटकट’ आवाज सुरू होण्याआधीच ते बदलून घ्यावे, कारण चिखल आत गेलेला जॉइंट फार काळ टिकत नाही आणि बूट संपूर्ण ॲक्सलपेक्षा कितीतरी स्वस्त पडते.