तीन कप, एक वेगळा: ट्रायअँगल टेस्ट नीट कशी घ्यावी

पेयातली साखर थोडी कमी केली तर पिणाऱ्याला कळतं का? प्रश्न फूड सायन्सचा आहे, पण उत्तर काढायची रीत मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेतली. त्यामुळे दोन्हींपैकी कुठल्याही विषयाच्या पहिल्या प्रोजेक्टला ट्रायअँगल टेस्ट चांगली जमते. चाखणाऱ्यासमोर तीन कप ठेवायचे, दोन सारखे, एक वेगळा. त्याने वेगळा कप ओळखायचा. जिभेला काहीच कळलं नाही तरी नुसत्या अंदाजाने तीनदा सांगितलं तर सरासरी एकदा बरोबर येणारच. उत्तरं त्याहून बरीच जास्त बरोबर येतात का, एवढंच तपासायचं असतं.

दोन कप देऊन "फरक वाटतो का?" असं सरळ का विचारू नये? काही जण जराशा शंकेवर "हो" म्हणतात, काही जण पुरती खात्री पटेपर्यंत "नाही" म्हणतात. म्हणजे मोजायला गेलो जीभ आणि मोजला गेला स्वभाव. तीनांतला एक निवडायलाच लावलं की ही अडचण बरीच मिटते. रोनाल्ड फिशर यांच्या १९३५ सालच्या पुस्तकातला चहाचा प्रयोग याच घाटाचा आहे: आठ कप, चारांत आधी दूध, चारांत आधी चहा. सगळे कप नुसत्या अंदाजाने बरोबर लागण्याची शक्यता ७० मध्ये १.

या चाचणीत गणित सोपं आहे. प्रोजेक्ट बिघडतो तो बहुतेक वेळा ट्रेवर, म्हणून पुढचा जास्त भाग ट्रेसाठीच आहे.

चाखणारे किती हवेत

सहाच्या पटीत घ्या. नमुन्यांना क आणि ख म्हटलं तर मांडणीचे सहाच क्रम होतात: ककख, कखक, खकक, खखक, खकख, कखख. प्रत्येक क्रम सारख्याच वेळा वापरायचा. वर्गातल्या प्रोजेक्टला २४ जण म्हणजे प्रत्येक क्रम चारदा. वेगळा कप पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या जागी प्रत्येकी आठ वेळा येतो. शंका आली की लोक मधला कप उचलतात. वेगळा कप कायम मधेच ठेवलात तर त्यांची ही सवय तुमच्या निकालात जमा होईल. शिवाय पहिल्या घोटानंतर जीभ गोडाला सरावते, त्यामुळे कुठला नमुना आधी आला यावर फरक किती जाणवतो हे ठरतं. तेव्हा फक्त "दोन क, एक ख" हेच क्रम वापरून भागत नाही, उलटेही हवेत.

बारा जणांना दोन-दोनदा बसवून "२४ उत्तरं" म्हणू नका. एकाच माणसाची दोन उत्तरं एकमेकांपासून स्वतंत्र नसतात आणि पुढचं सगळं गणित स्वतंत्र उत्तरांवर उभं आहे.

नमुने

साखर आणि सायट्रिक ॲसिडचं साधं द्रावण सुरुवातीला सर्वांत बरं. रंग नाही, तुकडे नाहीत, लपवायला फारसं काही नाही. दोन्ही पदार्थ खाण्याच्या दर्जाचे घ्या आणि खाद्यपदार्थांसाठीच्या स्वच्छ भांड्यांत बनवा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेतले बीकर यासाठी अजिबात चालणार नाहीत.

नमुना क: १२० ग्रॅम साखर, १.८ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, वर पाणी घालत एकूण वजन १२०० ग्रॅम.
नमुना ख: ९६ ग्रॅम साखर, १.८ ग्रॅम सायट्रिक ॲसिड, वर पाणी घालत एकूण वजन १२०० ग्रॅम.

म्हणजे वजनाने १० टक्के आणि ८ टक्के. पाणी मापाने ओतून मोजू नका. साखर विरघळली की आकारमान वाढतं आणि मग नेमके टक्के किती हे सांगता येत नाही. वजनकाटा ०.१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. पाणी दोन्हींना एकाच भांड्यातलं. २४ जणांना प्रत्येकी तीन कप म्हणजे ७२ कप, ३६ एका नमुन्याचे आणि ३६ दुसऱ्याचे. कपात २५ मिलिलिटर धरलं तर प्रत्येकी ९०० मिलिलिटर लागतं. उरलेलं सांडलवंडीला.

दोन्ही द्रावणं त्याच दिवशी बनवा आणि एकाच तापमानाला आणा, २० ते २२ अंश सेल्सिअस ठीक. एक भांडं फ्रिजमधून आत्ता काढलेलं आणि दुसरं तासभर बाहेर, असं झालं तर लोक थंड कप ओळखतील आणि तुम्ही लिहाल की त्यांना साखर ओळखता आली. कपात ओतायला मोठी सिरिंज वापरा, सुई नसलेली आणि नवी, नमुन्यागणिक वेगळी. अंदाजाने ओतलं की एक कप हमखास उणा राहतो, आणि चाखणारा आधी डोळ्यांनीच उत्तर शोधतो.

द्रावणाऐवजी बिस्किटासारखा पदार्थ घेतलात तर भाजल्याचा रंग घात करतो. साखर कमी झाली की तांबूसपणाही कमी येतो. अशा वेळी लाल दिव्याखाली चाचणी घेतात, म्हणजे रंगातला फरक दबतो. पोत बदलला असेल तर मात्र लाल दिवा काही कामाचा नाही.

कोड आणि क्रम

प्रत्येक कपावर तीन आकडी कोड टाका, स्प्रेडशीटने यादृच्छिक काढलेला. १११, १२३, ५०० असले लक्षात राहणारे आकडे गाळा. एका माणसाच्या तिन्ही कपांवर तीन वेगळे कोड हवेत, सारख्या दोन कपांवरसुद्धा. कोड आधीच छापलेल्या स्टिकरवर घ्या. मार्करने कपावर लिहिलं तर कप नाकाशी नेताच शाईचा वास येतो.

मग मुख्य तक्ता बनवा: चाखणाऱ्याचा क्रमांक, मांडणीचा क्रम, तीन कोड, वेगळा कप कोणता. एक ओळ अशी दिसेल: क्र. ७, खकख, ४८२ / ९१६ / २७५, वेगळा ९१६. कोणाला कुठला क्रम मिळणार ते चिठ्ठ्या मिसळून ठरवा. आलेल्यांना ओळीने क्रम वाटत गेलात तर सोबत आलेल्या मित्रांचे गट आणि क्रम एकमेकांत अडकतात.

तक्ता ओतणाऱ्याकडे राहील, आणि ओतणारा दुसऱ्या खोलीत. ट्रे नेऊन देणाऱ्याला उत्तर माहीत नसावं. हे फाजील सोवळं वाटत असेल तर बर्लिनचा हान्स घोडा आठवा. तो गणितं सोडवतो असा बोलबाला होता. ऑस्कर फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये दाखवून दिलं की घोडा समोरच्या माणसाच्या नकळत होणाऱ्या हालचाली वाचत होता. योग्य कपाकडे हात जाताच तुमच्याही भुवया हलतात.

संमती

नमुन्यांत असू शकणाऱ्या सगळ्या घटकांची यादी संमतीपत्रात द्या. काय बदललंय ते सांगू नका, पण घटक लपवायचा नाही. दूध, अंडं, शेंगदाणे, सोया, गहू असे ॲलर्जीचे पदार्थ ठळक लिहा. ॲस्पार्टेम हा कृत्रिम गोड पदार्थ वापरला तर फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी भाग घेऊ नये असं स्पष्ट लिहा. वरच्या द्रावणाचे तिन्ही कप प्यायले तर सुमारे ७ ग्रॅम साखर पोटात जाते. मधुमेह असलेल्याला हे आधी कळायला हवं. कधीही उठून जाता येईल हेही लिहा. विभागाची नैतिक मंजुरी हातात येईपर्यंत कोणालाही थेंबभरही द्यायचा नाही.

प्रत्यक्ष चाचणी

आदल्या तासाभरात खाणं, कॉफी, धूम्रपान, च्युइंग गम नको, हे बोलावतानाच सांगा. खोलीत स्वयंपाकाचा किंवा अत्तराचा वास नको. माणसं एकमेकांकडे पाठ करून किंवा मधे पुठ्ठ्याचे आडोसे लावून बसवा. एकाने "अरे, हा तर…" म्हटलं की त्या फेरीची उत्तरं बाद धरावी लागतात.

फॉर्मवर एवढंच असावं: "तीन नमुन्यांपैकी दोन सारखे आहेत, एक वेगळा आहे. पाण्याने चूळ भरा. डावीकडून उजवीकडे चाखा. वेगळ्या नमुन्याचा क्रमांक लिहा. खात्री नसली तरी एक क्रमांक लिहाच." "वेगळा गोड नमुना ओळखा" असं लिहिलंत तर चाचणीच बदलली, कारण कशात फरक आहे ते तुम्हीच सांगून टाकलं. पुन्हा चाखू द्यायचं की नाही, घोट गिळायचा की थुंकायचा, दोन कपांमधे चूळ भरायची का, यांपैकी काहीही चालेल. पण एकदा ठरवा आणि सगळ्यांना तेच लावा.

शेवटी "कुठला जास्त आवडला?" हा प्रश्न जोडायचा मोह आवरा. वेगळेपण शोधायला बसलेला माणूस आवडीचं उत्तर त्याच नजरेने देतो. आवड मोजायची तर वेगळी चाचणी, वेगळी माणसं.

निकाल

२४ पैकी किती बरोबर, तेवढं मोजा. शून्य गृहीतक, म्हणजे फरक कळतच नाही असं धरून चालणं, असं: बरोबर उत्तराची शक्यता १/३, म्हणजे अंदाजाने साधारण ८ बरोबर. ०.०५ च्या पातळीवर (नुसत्या अंदाजाने इतकी किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता १०० मध्ये ५ पेक्षा जास्त नको) फरक सिद्ध व्हायला किमान १३ बरोबर लागतात. १८ जणांना १०, ३० जणांना १५, ३६ जणांना १८.

स्प्रेडशीटमध्ये स्वतः काढायचं तर बायनॉमियल फंक्शनने ० ते १२ बरोबर येण्याची एकत्रित शक्यता काढा आणि ती १ मधून वजा करा. उत्तर ०.०२८ येतं. इथे १२ च्या जागी १३ घालणं ही नेहमीची चूक, त्याने "१४ किंवा जास्त"ची शक्यता मिळते, ०.०१०. चाचणी एकाच बाजूची आहे, दोन बाजूंची नाही: अंदाजापेक्षा जास्त बरोबर आले का, एवढंच बघायचं.

१२ बरोबर आले तर "१२ किंवा जास्त"ची शक्यता ०.०६८, आणि मग "आणखी सहा जण बोलावू या" असा आवाज उठतो. बोलवायचे नाहीत. निकाल डोकावून पाहून माणसं वाढवली की ०.०५ ही पातळी ०.०५ राहत नाही. संख्या आधी लिहून ठेवा आणि तिथेच थांबा.

समजा १४ बरोबर आले. "१४ जणांना फरक कळला" असं लिहू नका, त्यांत नुसता नेम लागलेलेही आहेत. बरोबर उत्तरांचं प्रमाण १४/२४ म्हणजे ०.५८३. त्याला १.५ ने गुणून ०.५ वजा करा: ०.३७५. म्हणजे खरोखर ओळखणारे अंदाजे ९ जण.

आणि १३ पेक्षा कमी आले तर "दोन्ही पेयं सारखीच" हा निष्कर्ष निघत नाही. दर १०० पैकी ३० जणांना फरक खरोखर कळत असेल, तरी २४ जणांची चाचणी तो जेमतेम निम्म्या वेळा पकडते. ६० जण घेतले, जिथे २७ बरोबर लागतात, तर तोच फरक दहापैकी सुमारे नऊ वेळा सापडतो. त्यामुळे "फरक आढळला नाही" या वाक्याला लागूनच चाखणाऱ्यांची संख्या लिहा. कामाच्या पद्धतीत द्रावणाचे टक्के, तापमान, कपातलं माप, चूळ भरण्याचा नियम आणि बाद केलेली उत्तरं कारणासह येऊ द्या.