आयुष्मान कार्ड आणि दारू सोडवण्याचे उपचार: इंदूरकरांनो, या चुका टाळा

"पाच लाखांचं कार्ड आहे, भावजींना नशामुक्ती केंद्रात ठेवू." सुदामा नगरातल्या घरात ठरलेला हा बेत केंद्राच्या दारातच फसतो. आयुष्मान योजनेचं ५ लाखांचं संरक्षण रुग्णालयात भरती होण्यासाठी आहे. ओपीडी आणि व्यसनमुक्तीचा पुनर्वसन कार्यक्रम, दोन्ही त्याबाहेर. नशेतून आलेल्या मानसिक विकारांसाठी भरतीचं पॅकेज आहे, पण मुख्यतः सरकारी रुग्णालयांत. त्यामुळे आधी एमवाय या सरकारी रुग्णालयाची किंवा बाणगंगेच्या मानसिक रुग्णालयाची ओपीडी गाठा. भरतीची गरज आहे की नाही, ते तिथले डॉक्टर ठरवतील.

कार्ड नेमकं कुणाचं, तेही बघा. २०२४ मध्ये सुरू झालेलं सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्ड फक्त त्या ज्येष्ठाचंच असतं. आजोबांच्या कार्डावर मुलाचे उपचार होत नाहीत.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडतं ते डॉक्टरांपासून पिणं लपवणं. कावीळ झाली म्हणून किंवा हाड मोडलं म्हणून भरती केलेल्या माणसाबद्दल काकू सांगतात, "कधीतरी घेतात हो, लग्नाकार्यात." रोज पिणाऱ्याची दारू अशी एकदम तुटली की दोन-तीन दिवसांत हात थरथरतात, फिट येते, नसलेली माणसं दिसू लागतात. यात जीवही जाऊ शकतो. किती पितो आणि शेवटची कधी घेतली, एवढं आधी कळलं तर डॉक्टर वेळेत औषधं आणि थायमिन (ब-१ जीवनसत्त्व) सुरू करतात. घरी खोलीत कोंडून दारू सोडवणं याच कारणाने धोक्याचं. खाजगी पॉलिसीत व्यसनावरचे उपचार बहुधा वगळलेले असतात. ते कलम आधीच वाचा, पण क्लेमपायी डॉक्टरांशी खोटं बोलू नका.

रात्री गाडी पाठवून माणूस उचलून नेणाऱ्या केंद्राला आगाऊ पैसे देऊ नका. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खालची नोंदणी दाखवा म्हणा, लगेच काय ते कळेल. सरकारी मदतीवर चालणाऱ्या केंद्रांचा पत्ता १४४४६ या हेल्पलाइनवर विचारता येतो.

आणि नाव! आधारवर वडिलांच्या नावासकट तीन शब्द, समग्र आयडीवर (मध्य प्रदेश सरकारच्या ओळख क्रमांकावर) दोनच, हा घोळ आपल्या मराठी घरांत हमखास सापडतो. कार्डाचं केवायसी, म्हणजे ओळख पडताळणी, तिथेच अडकतं. भरतीची वेळ येण्याआधी दोन्ही कागद घेऊन रुग्णालयातल्या आयुष्मान मित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, दाखवून या.