सही कुणाची? विद्यापीठ कार्यालयात निर्णयाचे स्तर ठरवताना

परीक्षा विभागात बरीच वर्षं काढल्यावर सांगते, पदनामावरून जबाबदारी ठरवायला जाऊ नका. आधी प्रत्येकाच्या टेबलाजवळ बसा आणि एवढंच विचारा: "हे काम करताना तुम्ही कुठे थांबता, कुणाला विचारता?" स्तर तिथेच सापडतात.

मी ४ स्तर धरते. ठरलेलं काम नियमाप्रमाणे करणं, नियमाच्या चौकटीत स्वतः निवड करणं, अपवाद मंजूर करणं आणि नियमच बदलणं. गुणपत्रिकेवरच्या नावातली चूक घ्या. कागदपत्रं जुळत असतील तर लिपिकानेच दुरुस्ती करावी, नोंद ठेवावी. जुळत नसतील तर अधीक्षकांकडे. गुण बदलायचे असतील तर मात्र कार्यालयाने हात लावूच नये. तो शैक्षणिक निर्णय. आमच्याकडे एकदा हे कुठेच लिहिलेलं नव्हतं. एका मुलीचा अर्ज ३ टेबलांवर फिरत राहिला आणि तिची प्रवेशाची मुदत गेली. मला ते अजून सलतं.

कामाच्या वर्णनात "सहकार्य करणे", "समन्वय साधणे" असलं मोघम नको. शिफारस करतो, ठरवतो की फक्त कळवतो? क्रियापद नेमकं लिहा. आणि माणूस रजेवर असताना सही कुणाची, हेही त्याच कागदावर.