एक्सोस्केलेटन मध्येच थांबतोय? मोटरला दोष देण्याआधी या चुका टाळा

एक्सोस्केलेटन म्हणजे पायांची ताकद गेलेल्यांना उभं करून चालवणारी, पायांवर पट्ट्यांनी बांधायची मोटरची चौकट. ती घालून चालताना पाऊल अर्ध्यावर अडतं, बुटाचं टोक जमिनीला घासतं, उठता उठता यंत्र एरर दाखवून थांबतं. लगेच संशय जातो बॅटरीवर नाहीतर मोटरवर. पण खोट बहुधा मापात, पट्ट्यात किंवा अंगाचा भार चुकीच्या पायावर असण्यात सापडते. म्हणून तपासायचा क्रम ठरवून टाका: आधी शरीर, मग माप आणि पट्टे, मग चालण्याची पद्धत. सेटिंगला हात सगळ्यात शेवटी.

माप अंदाजाने घेणं

यंत्राचा वरचा सांधा खुब्याच्या बाहेर हाताला लागणाऱ्या हाडाच्या उंचवट्यासमोर यायला हवा. गुडघ्याचा सांधा गुडघ्याच्या मध्यासमोर, खालचा बाहेरच्या घोट्यासमोर. चालताना जे बूट घालणार, तेच घालून माप घ्या. उद्या जाड तळाचे बूट आले की पायाचा गुडघा वर जातो आणि यंत्राचा सांधा खाली राहतो. दोन्ही पायांची मापं वेगवेगळी घ्या. एकाचं माप दुसऱ्याला लावू नका.

एक-दोन सेंटिमीटरची चूक नुसतं उभं राहिल्यावर लक्षात येत नाही. ती उठता-बसताना उघडी पडते. गुडघा वाकतो तेव्हा पाय एका वर्तुळात फिरतो, चौकट दुसऱ्या. मग पट्टा नडगीवर वर-खाली घासतो. तिथे संवेदना नसेल तर कातडी सोलवटली तरी पत्ता लागत नाही. पट्ट्याच्या कडेला कपड्यावर चिकटपट्टीची खूण करा आणि चार-पाच वेळा उठबस करून बघा. खूण आणि कड यांत अंतर पडलं तर माप पुन्हा घ्या. पट्टा आणखी आवळणं हा उपाय नव्हे, त्याने फक्त दाब वाढतो.

यंत्र उतरवल्यावर टाचा, घोटे, नडगी, गुडघ्याखालची बाहेरची बाजू, खुबे आणि माकडहाड आरशात किंवा सोबत्याकडून बघून घ्या. लाली अर्ध्या तासात गेली नाही तर कातडी पूर्ववत होईपर्यंत यंत्र घालू नका. मागच्या खिशातलं पाकीट, जीन्सची जाड शिवण, दुमडलेला मोजा एवढंही जखमेला पुरतं.

हाडं आणि लघवीची पिशवी विसरणं

वर्षानुवर्षं भार न पेललेली हाडं ठिसूळ होतात. त्यामुळे डेक्सा तपासणी (हाडांची घनता मोजणारी) आणि डॉक्टरांची परवानगी आधी, ट्रायल नंतर. चालल्यानंतर पाय सुजला, गरम लागला किंवा आखडणं अचानक वाढलं तर एक्स-रे काढा. दुखत नाही म्हणजे हाड शाबूत आहे असं समजू नका.

पिशवी रिकामी करूनच पट्टे लावा आणि कॅथेटरची (लघवी वाहून नेणारी) नळी मांडीच्या पट्ट्याखाली दबलेली नाही हे बोट फिरवून बघा. मणक्याची इजा टी-६ (छातीमागचा सहावा मणका) किंवा त्याहून वर असेल तर तुंबलेल्या लघवीने रक्तदाब धोकादायक वाढू शकतो. डोकं ठणकलं, चेहरा लाल झाला, घाम सुटला की लगेच बसवा, पट्टे सैल करा, नळी तपासा; लक्षणं ओसरली नाहीत तर तातडीने डॉक्टर गाठा. उलट उभं राहताच चक्कर आली तर रक्तदाब पडलाय. अशांनी आधी टिल्ट टेबलवर (झोपलेल्याला हळूहळू उभं करणाऱ्या टेबलवर) किंवा स्टँडिंग फ्रेममध्ये उभं राहण्याची सवय करावी.

भार न सरकवता पाऊल मागणं

रीवॉक, इंडिगो यांसारख्या यंत्रांना पुढच्या पावलाचा इशारा धड कलण्यातून मिळतो. (रेक्स स्वतःच तोल सांभाळतो आणि जॉयस्टिकवर चालतो, त्याचा हिशेब वेगळा.) उजवा पाय उचलायचा तर भार आधी पूर्णपणे डाव्यावर हवा. तो अर्धवट राहिला की मोटर दबलेला पाय ओढू लागते, जोर ठरलेल्या मर्यादेबाहेर जातो आणि यंत्र सुरक्षेसाठी थांबतं. याला बिघाड म्हणत नाहीत.

पाय बघायला मान खाली घातली की कंबर मागे जाते आणि सगळा भार हातांवर येतो. खांदे दुखण्याची सुरुवात इथूनच होते. नजर समोर ठेवा, कुबड्या पावलांच्या जरा पुढे आणि बाहेर टेकवा. सोबत्याने मागे उभं राहून यंत्राचं हँडल धरावं. दंड ओढला तर धड कलतं आणि नको तेव्हा पाऊल पडतं.

अडखळण्यातही फरक ओळखा. दर वेळी तोच पाय, त्याच क्षणी अडत असेल तर भार किंवा माप तपासा. कधीही, कुठेही थांबत असेल आणि पाय ताठ होत असेल तर तो स्पॅझम आहे, म्हणजे स्नायू आपोआप आखडणं. मग लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठता, एखादी लपलेली जखम शोधा. हे सगळं ठीक असेल तरच थेरपिस्टकडून सेटिंग बदलून घ्या, एका वेळी एकच. पावलाची लांबी आधी कमी करा. वेग वाढवायची घाई नको.

उठतानाच अडत असेल तर बैठक बुटकी आहे का ते बघा. व्हीलचेअरचे ब्रेक लावलेले, फूटरेस्ट बाजूला, पावलं गुडघ्यांच्या मागे आणि छाती पुढे हवी.

दुरुस्तीचं नंतर बघू म्हणणं

मुख्य बॅटरीसोबत रिमोटचीही बॅटरी तपासा. २०२४ साली अमेरिकेत एका वापरकर्त्याचं यंत्र मनगटी कंट्रोलरमधल्या किरकोळ बिघाडाने बंद पडलं, आणि ते ५ वर्षांहून जुनं म्हणून कंपनीने आधी दुरुस्ती नाकारली. घेण्याआधीच सुटे भाग किती वर्षं मिळतील हे लेखी घ्या. मध्येच वीज गेली तर सांधे लॉक होतात की सैल पडतात, हेही विचारा आणि त्या स्थितीतून खुर्चीत परत बसण्याचा सराव सोबत्यासह करून ठेवा.