विषातलं प्रथिन कापण्याआधी अखंड मोजा

सापाच्या विषातल्या प्रथिनाचा अमिनो आम्लांचा क्रम काढायचा असेल, तर ट्रिप्सिनच्या (प्रथिन कापणाऱ्या विकराच्या) कुपीला हात लावण्याआधी मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर) अखंड प्रथिनाचं वस्तुमान मोजा. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हेच आधी सांगते, कारण तुमच्या क्रमाचा निवाडा शेवटी तोच आकडा करणार आहे.

सुकवलेलं विष हाताळताना हातमोजे, चष्मा, मास्क हवेतच. भुकटी उडते, आणि श्वासातून गेली तर अ‍ॅलर्जी जडू शकते. विरघळवून, सेंट्रिफ्यूज करून सी-18 कॉलमवर (क्रोमॅटोग्राफीच्या नळीवर) घटक वेगळे करा. आलेखाच्या एका शिखरात एकच प्रथिन आहे असं धरू नका. नागाच्या विषातली थ्री-फिंगर टॉक्सिन्स जेमतेम 60 ते 75 अमिनो आम्लांची, आणि त्यांतली भावंडं कधीकधी एकाच आम्लाने वेगळी असतात.

आता डीटीटी या रसायनाने डायसल्फाइड बंध (सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोड्यांमधले गंधकाचे दुवे) तोडा आणि पुन्हा मोजा. दर बंधामागे वस्तुमान सुमारे 2 डाल्टनने (डाल्टन हे रेणूंच्या वस्तुमानाचं एकक) वाढतं. 8 ने वाढलं तर बंध चार, म्हणजे सिस्टीन किमान आठ. मग सुटी झालेली सिस्टीन पुन्हा जुळू नयेत म्हणून अंधारात आयोडोअ‍ॅसिटामाइड. इथे हात आखडता घ्या. त्याची भर 57.021 डाल्टन, साखळीत जोडलेल्या ग्लायसिन या अमिनो आम्लाचं वस्तुमानही नेमकं तेवढंच. जास्तीचं आयोडोअ‍ॅसिटामाइड लायसिनला किंवा एन-टोकाला (साखळीच्या सुरुवातीच्या टोकाला) चिकटलं, की सॉफ्टवेअर तिथे नसलेलं ग्लायसिन वाचून मोकळं होतं.

एकट्या ट्रिप्सिनवर थांबू नका. ते लायसिन आणि आर्जिनिननंतर कापतं, त्यामुळे तुकडे मिळतात, पण ते कोणत्या ओळीने जोडायचे हे कळत नाही. वेगळ्या नळीत कायमोट्रिप्सिन, तिसरीत ग्लू-सी ही वेगळ्या ठिकाणी कापणारी विकरं चालवा. एकमेकांवर चढणारे तुकडेच क्रम जोडून देतात.

एमएस/एमएसमध्ये (तुकडे आणखी फोडून वस्तुमानं मोजताना) बी आणि वाय आयनांमधली (साखळीच्या एन-टोकाकडच्या आणि दुसऱ्या टोकाकडच्या तुकड्यांमधली) अंतरं वाचा; दर अंतर म्हणजे एका अमिनो आम्लाचं वस्तुमान. लायसिन 128.095, ग्लुटामिन 128.059: फरक उपकरणाच्या अचूकतेत बसतो का ते बघा. ल्युसिन आणि आयसोल्युसिन यांचं वस्तुमान तंतोतंत सारखं. ईटीएचसीडी या फोडण्याच्या पद्धतीत डब्ल्यू आयन (या दोघांतला फरक दाखवणारे तुकडे) दिसले तरच ठरवा. नाहीतर त्या जागी दोन्ही शक्यता लिहा, डेटाबेसमधल्या जवळच्या प्रथिनातून अक्षर उचलू नका.

क्रम पूर्ण झाला की त्याचं सैद्धांतिक वस्तुमान काढा, दर बंधामागे 2.016 वजा करा आणि सुरुवातीच्या आकड्याशी ताडून पाहा. मोजलेला आकडा 17.03 ने कमी पडत असेल तर एन-टोकाचं ग्लुटामिन वळून पायरोग्लुटामेट झालंय का ते तपासा. 0.98 चा फरक असेल तर अ‍ॅस्पॅराजिन आणि अ‍ॅस्पार्टिक आम्लाच्या जागा पुन्हा वाचा.