‘दुःख, श्रद्धा आणि कुटुंब’ विषय घेतलाय? मग या चुका टाळा

जळगाव जिल्ह्यात उन्हाचा चटका बसायला लागला की एम.ए. मराठीच्या प्रकल्पांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. त्यातल्या चार-पाच जणांचा विषय दरवर्षी तोच असतो: ‘अभिजात साहित्यातील दुःख, श्रद्धा आणि कौटुंबिक संघर्ष’. विषय चांगला आहे, चुका मात्र ठरलेल्या.

शीर्षकापासूनच गाडी अडते. एवढं आभाळ ऐंशी पानांत मावत नाही. एक कवी घ्या, पाच-सहा कविता घ्या, बास. आणि प्रस्तावनेत अभिजात भाषेच्या दर्जाचा ३ ऑक्टोबर २०२४ चा केंद्राचा निर्णय चिकटवू नका. तो दर्जा मराठी भाषेला मिळाला. तुमची कविता अभिजात का, हे त्यावरून ठरत नाही.

दोन बहिणाबाई

ही चूक सगळ्यात महागात पडते. एका प्रकल्पात चक्क लिहिलं होतं की बहिणाबाई चौधरींनी तुकोबांचं शिष्यत्व पत्करलं! तुकोबांच्या शिष्या त्या संत बहिणाबाई (१६२८-१७००), ज्यांची समाधी वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला आहे. आपल्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) असोद्याच्या लेक आणि जळगावच्या सून. मध्ये अडीचशे वर्षं गेली. घोळ लक्षात येत नाही, कारण दोघींकडे दुःख आहे, देव आहे, घर आहे. पण नवऱ्याची मारहाण आणि गुरूवरून झालेला छळ संत बहिणाबाईंनी स्वतःच्या आत्मपर अभंगांत सांगितलाय. चौधरींच्या वाट्याला ऐन तिशीत वैधव्य आलं. नाव प्रत्येक वेळी पूर्ण लिहा आणि मोबाईलवर शोधतानाही पूर्णच टाका.

आधी चरित्र, मग कविता

बहिणाबाई चौधरींवरच्या बहुतेक प्रकल्पांत जन्म, लग्न, वैधव्य अशी वीस पानं होतात आणि मग पुरावा म्हणून चार ओळी येतात. त्या ओळीही ठरलेल्या: ‘लपे करमाची रेखा माझ्या कुंकवाच्या खाली’. लगेच निष्कर्ष: ‘कवयित्री दैववादी होती.’ अहो, पान उलटा! त्याच कवितेत पुढे तळहातावरच्या रेघांना ‘रेघोट्या’ म्हटलंय, म्हणजे पोरांनी मातीत ओढाव्यात तशा. देवाकडे मागणं एवढंच की दोन लाल, म्हणजे लेकरं, सुखी राहोत. आणि शेवटी दारातल्या ज्योतिषाला ती बाई सांगते:

नको नको रे ज्योतिषा
नको हात माझा पाहू
माझं दैव मले कये
माझ्या दारी नको येऊ

यावर काही हुशार मुलं दुसऱ्या टोकाला जातात आणि ‘अंधश्रद्धाविरोधी विद्रोह’ असा शिक्का मारतात. तोही बसत नाही, कारण ‘माझं दैव’ आहेच आणि ते तिला ‘कयतं’, म्हणजे कळतं. नाकारलाय तो मधला माणूस, दुसऱ्याचं नशीब वाचून दाखवणारा. श्रद्धेवरचं तुमचं अख्खं प्रकरण या चार ओळींवर उभं राहू शकतं. त्यासाठी कविता शेवटपर्यंत वाचावी लागते, एवढंच.

शब्द ‘सुधारणं’

वरचा ‘कये’ एका प्रकल्पात ‘काय’ झाला होता. टाईप करताना मोबाईलने सुचवलं, पोरीने दाबलं आणि ‘माझं दैव मले काय’ असं भलतंच वाक्य छापून आलं. गंमत म्हणजे खाली त्याचा दीड पान अर्थही लावला होता. बहिणाबाई चौधरींच्या बोलीत, म्हणजे लेवा गणबोलीत, ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो: कळे-कये, तळहात-तयहात. ही अहिराणी नव्हे. ते लिहिलंत तर खान्देशातला परीक्षक तिथेच पेन उचलतो. बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं, गाणी घरच्यांनी उतरून घेतली आणि पुस्तक त्यांच्यामागे, १९५२ मध्ये आलं. म्हणून छापील आवृत्ती एकच धरा आणि फॉरवर्ड झालेल्या ओळींवर विसंबू नका. शब्द अडला तर शब्दकोशाआधी यावल-रावेरकडची एखादी आजी गाठा आणि तिला कविता मोठ्याने वाचून दाखवा. चहाही मिळतो.

कुटुंब म्हणजे नुसती सासू-सून नव्हे

‘सासर म्हणजे जाच, माहेर म्हणजे सुख’ हे समीकरण तर पाठच झालेलं असतं. बहिणाबाई चौधरींच्या एका कवितेत योगी सासुरवाशिणीला विचारतो, माहेरचं एवढं कौतुक, तर मग सासरी आलीस कशाला? तेव्हा ती उत्तर देते, ‘लेकीच्या माहेरासाठी माय सासरी नांदते.’ आज जे आईचं सासर, तेच उद्या लेकीचं माहेर. तुमचं समीकरण कुठल्या बाजूला टाकणार हिला? मुक्ताईनगरच्या वाटेवर राहणाऱ्यांनी ताटीचे अभंगही या नजरेने वाचावेत. रागावून दार लावून बसलेल्या मोठ्या भावाची, ज्ञानेश्वरांची, धाकटी बहीण मुक्ताई समजूत काढते. घरातलं भांडण तिथेही आहे, फक्त ते ओळखीचं नाही.

शेवटची खबरदारी फॉन्टची. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलला की रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. स्पायरलला टाकण्याआधी निदान कवितांच्या ओळी पुस्तकाशेजारी ठेवून बोट लावत तपासा. ‘कये’ कयेच राहिलाय ना, तेही बघा.